अडलेली कोंबडी

घरात बाई अडली की धावपळ होते. कोणी गाडी बघायला पळतो, कोणी नर्सबाईंना हाक मारतो. गाय अडली तरी अर्धी आळी गोठ्यात जमते. पण कोंबडी अडली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती आपली खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसते. एक दिवस जातो. दुसरा जातो. तिसऱ्या दिवशी सकाळी खुराडे उघडावे, तो कोंबडी गार पडलेली. मग आपण म्हणतो, "रोग आला असंल." झाले, विषय संपला.

पण दरवेळी रोग आलेला नसतो. कधी अंडे आत अडकलेले असते. कधी अंडे घालताना आतले अंग बाहेर येऊन राहिलेले असते. कधी शेपटीखाली घाण चिकटून तिथे जखम झालेली असते. ह्या तिन्ही गोष्टी कोंबडीला उचलून मागून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. आणि आपण तर कोंबडीला पुढून पाहतो. तुरा पाहतो, चोच पाहतो, दाणे टाकतो आणि कामाला लागतो.

हा पाठ आम्ही का लिहीत आहोत, ते आधी सांगतो. त्यात आमची चूक आहे. ती सांगितलेली बरी.

बरीच वर्षे झाली. आम्ही तेव्हा एका लहानशा गावात शाळेवर होतो. शाळेला लागूनच एका बाईचे घर होते. नवरा नव्हता. मुलगा आमच्याच वर्गात, चौथीत. बाईजवळ पाच कोंबड्या होत्या. अंडी विकून मुलाच्या वह्या, पेन्सिल आणि घरचे तेल-मीठ निघे. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती पदराखाली कोंबडी झाकून शाळेत आली. काबरी कोंबडी. पाचांत सर्वांत जास्त अंडी देणारी.

"गुरुजी, कालपासनं कुंथतीया," ती म्हणाली. "अंडं काय येईना. तुमी शिकलेलं मानूस. बघा की काय तरी."

आम्हांला कोंबडीतले काही कळत नव्हते. पण तसे सांगायची लाज वाटली. भोवती पोरे जमली होती. गुरुजींना येत नाही, असे पोरांपुढे कसे म्हणायचे? आम्ही बाह्या सरसावल्या. कोंबडीचे पोट चाचपले. अंडे हाताला लागले. मनात म्हटले, मागून दाबले की पुढे सरकेल. दाबले. आत बारीकसा 'कट्' आवाज झाला. थोडा बलक बाहेर आला. मग रक्त आले.

कोंबडी तिसऱ्या दिवशी मेली.

त्या बाईने आम्हांला एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट म्हणाली, "तुमी तरी काय करनार?" पण पुढे महिनाभर तिचा मुलगा जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पाने शिवून त्यांवर लिहीत होता. आम्ही त्याला नवी वही देऊ केली. त्याने घेतली नाही. "आई रागावंल," म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सायकल काढली आणि गुरांच्या डॉक्टरांच्या घरी गेलो. झाले ते सांगितले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, बसा. अंडं येतं कुठून ते आधी बघा." आणि त्यांनी कागद घेऊन चित्र काढून दाखवले. ते आम्ही आता तुम्हांला शब्दांनी सांगतो.

कोंबडीच्या शेपटीखाली एकच वाट असते. तिला पुस्तकात गुदद्वार म्हणतात. आपण ह्या पाठात 'मागची वाट' म्हणू. गाईला, शेळीला शेण किंवा लेंडीची जागा निराळी आणि वासराची, करडाची जागा निराळी. कोंबडीचे तसे नाही. आतडे, लघवीच्या नळ्या आणि अंड्याची नळी, ह्या सगळ्या आत एका लहान खोलीत येऊन मिळतात. त्या खोलीला बाहेर दार एकच. कोंबडीच्या शीटीवर पांढरा भाग दिसतो ना? ती तिची लघवी. म्हणजे शीट, लघवी आणि अंडे, तिन्ही त्याच दाराने बाहेर येतात.

मग अंडे स्वच्छ कसे येते? त्याची मोठी गंमत आहे. अंडे घालायच्या वेळी अंड्याच्या नळीचे तोंड उलटून थोडे बाहेर येते. सदऱ्याची बाही ओढली की अस्तर बाहेर येते, तसे. अंडे त्या मऊ लाल अस्तरातून बाहेर पडते. शीटीच्या जागेला ते टेकत नाही. अंडे पडले की अस्तर आपोआप आत जाते. हे सारे क्षणात होते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

अंडे तयार व्हायला मात्र वेळ लागतो. बलक सुटल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंत सुमारे २५ तास. त्यांतले जवळजवळ २० तास नुसते कवच चढायला लागतात. हे कवच चुन्याच्या जातीचे असते. त्यात कॅल्शियम असते. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते. ते कोंबडी आणते कुठून? खाण्यातून. खाण्यात कमी पडले तर स्वतःच्या हाडांतून काढते. घरची लक्ष्मी कशी, पोरांना पुरले नाही तर आपल्या ताटातले काढून देते. तशातली गत.

आणि आता मुख्य गोष्ट. अंडे बाहेर ढकलायला नळीचे स्नायू आवळावे लागतात. स्नायू आवळायलाही कॅल्शियमच लागते. ते संपले की कवच पातळ होते आणि नळीचा जोरही जातो. मऊ, पातळ अंडे आणि दमलेली नळी. अंडे मध्येच थांबते. कोंबडी कुंथते, पण ते सरकत नाही. नवी तलंग पहिल्यांदा अंडे घालते तेव्हा, अंडे फार मोठे असते तेव्हा, आणि कोंबडी फार लठ्ठ झालेली असते तेव्हाही असे होते.

आम्ही ज्या अंड्याला बाहेरून दाबले, ते असेच अडलेले होते. दाबल्यावर कवच फुटले. फुटलेल्या कवचाच्या कडा काचेसारख्या असतात. त्यांनी आतली नळी चिरली. अंड्याचा बलक आत सांडला, कुजला. पुढचे तुम्हांला माहीत आहे.

अडलेली कोंबडी ओळखायची कशी? ती शेपूट खाली टाकते. पाय फाकून, छाती वर करून बदकासारखी उभी राहते. पुन्हा पुन्हा अंड्याच्या जागी जाते आणि तशीच उठून येते. दाणे टिपत नाही. तुरा फिकट पडतो. शीट थोडी येते किंवा येतच नाही, कारण अंड्याने वाट अडवलेली असते.

इथे पुष्कळ जण फसतात. "खुडूक बसली असंल," असे म्हणून सोडून देतात. खुडूक कोंबडीही बसून राहते, हे खरे. पण खुडूक कोंबडीच्या अंगात जोर असतो. तिच्याजवळ हात नेला तर पिसे फुलवून गुरगुरते, टोचते. अडलेली कोंबडी टोचत नाही. डोळे मिटून घेते. हात लावला तरी उठत नाही. हा फरक नीट ध्यानात ठेवा.

संशय आला की कोंबडीला उचला. हे काम दोघांनी करावे. एकाने जुन्या लुगड्याच्या नाहीतर धोतराच्या फडक्यात पंखांसकट गुंडाळून धरावे आणि डोक्यावर फडक्याचे टोक टाकावे. अंधार झाला की कोंबडी शांत होते. दुसऱ्याने हळूच पाहावे. मागच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे हाताला लागतात. अंड्यावर आलेल्या कोंबडीत त्या हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावतात. तिची मागची वाट रुंद, ओलसर आणि फिकट असते. अंडी बंद असलेल्या कोंबडीची वाट लहान, कोरडी, सुरकुतलेली असते. ही ओळख एकदा हाताला झाली की मग कोणती कोंबडी अंडी देते आणि कोणती नुसती दाणे खाते, तेही कळते. बाजारात कोंबडी घेताना आम्ही आता आधी तेच पाहतो. विकणाऱ्याला आवडत नाही, त्याला आमचा इलाज नाही.

त्या हाडांच्या खाली, पोटावर तळहात अलगद ठेवा. आत टणक गोळा लागला तर अंडे अडले आहे. अलगद म्हणजे अलगद. पिकलेला आंबा चाचपतो तसे.

आता उपाय. घमेल्यात कोमट पाणी घ्यावे. किती कोमट? लहान बाळाला न्हाऊ घालताना कोपर बुडवून पाहतो ना, तितके. कोंबडीचे पोट आणि मागचा भाग बुडेल एवढेच पाणी. तिला धरून त्यात १५ ते २० मिनिटे बसवावे. पाणी गार झाले तर काढून दुसरे घालावे. पहिल्यांदा ती फडफडते, मग तिला बरे वाटते. काही कोंबड्या तर डुलक्या घेतात. नंतर फडक्याने टिपून कोरडी करावी. मागच्या वाटेला बाहेरून आणि अगदी तोंडाशी खोबरेल तेल लावावे. मग डालग्यात कोरडा पेंढा घालून तिला ठेवावे. वर गोणपाट टाकावे. जागा उबदार, अंधारी आणि गलबला नसलेली हवी. पाण्याची वाटी जवळ ठेवावी. पोरांना सांगावे की दर दोन मिनिटांनी गोणपाट उचलून बघायचे नाही.

दोन तास वाट पाहावी. अंडे आले नाही तर पुन्हा कोमट पाणी, पुन्हा तेल, पुन्हा अंधार. कॅल्शियमचे पातळ औषध मिळते, ते डॉक्टर सांगतील तितके चोचीच्या कडेने थेंब थेंब द्यावे. भसकन ओतू नये. श्वासाच्या नळीत गेले तर कोंबडी गुदमरते.

संध्याकाळपर्यंत जमले नाही तर रात्र काढू नये. सरळ गुरांच्या दवाखान्याची वाट धरावी. अंडे अडून एक-दोन दिवस गेले की कोंबडी हाताशी लागत नाही. डॉक्टर सुई घालून अंड्यातला ऐवज काढून घेतात आणि कवच आतच चेपून हळूहळू बाहेर काढतात. ते काम त्यांचे. आपण दाबायचे नाही, काडी घालायची नाही, नख लावायचे नाही. आम्ही केले ते कोणी करू नये.

आता दुसरी गोष्ट. गाईचे अंग बाहेर पडते हे सर्वांना ठाऊक आहे. तसेच कोंबडीचेही पडते. ते अस्तर आपोआप आत जाते असे आम्ही वर म्हटले. कधी ते जात नाही. बाहेरच लोंबते. लाल, ओला, लिंबाएवढा गोळा शेपटीखाली दिसतो. लहान वयातच अंड्यावर आलेल्या तलंगेला हे जास्त होते. फार मोठी अंडी घालणाऱ्या सुधारलेल्या जातीच्या कोंबड्यांनाही होते. बसून खाऊन लठ्ठ झालेल्या कोंबडीलाही होते.

अशा वेळी पहिले काम औषधाचे नाही. पहिले काम तिला बाकीच्यांपासून वेगळे करणे. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचतात. एकीने टोचले की दुसरी येते. घटकाभरात आतडी बाहेर ओढून काढतात. ही त्यांची दुष्टाई नव्हे, जातच तशी. म्हणून गोळा दिसताक्षणी कोंबडी उचलून डालग्याखाली घालावी आणि मग पुढचे पाहावे.

एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे. त्यात चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा मीठ घालावे. हात साबणाने धुवावेत. नखे काढावीत. त्या पाण्याने गोळा धुवावा, चोळू नये. माती, पेंढा, शीट निघून जाऊ द्यावी. गोळा सुजलेला असेल तर साखर थोड्या पाण्यात दाट कालवून त्यावर लावावी आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. साखर सुजेतले पाणी ओढून घेते. कैरीच्या फोडींना साखर लावली की पाणी सुटते, तेच इथे घडते. गोळा लहान झाला की पुन्हा धुवावा. बोटाला खोबरेल तेल लावून तो मधोमध धरून हळूहळू आत सारावा आणि थोडा वेळ बोट तसेच ठेवावे. ती कुंथेल. तेव्हा जोर करू नये. थांबावे. ती थांबली की आपण पुढे सरकावे.

गोळा आत गेला तरी काम संपले नाही. दुसऱ्या दिवशी अंडे आले की तो पुन्हा बाहेर येणार. म्हणून चार-पाच दिवस अंडी थांबवायला हवीत. ती कशी थांबवायची? कोंबडीला भरपूर अंडी घालायला दिवसाचा १४ ते १६ तास उजेड लागतो. उजेड कमी झाला की अंडी कमी होतात. तेव्हा तिला अंधाऱ्या डालग्यात ठेवावे. थोडे दाणे, थोडा हिरवा पाला आणि पाणी द्यावे. जास्त खुराक देऊ नये. गोळा काळा पडला असेल, फाटला असेल किंवा त्याला वास येत असेल तर मात्र घरी हात लावू नये. डॉक्टरांना दाखवावे. काही कोंबड्यांचे अंग पुन्हा पुन्हा येते. तशी कोंबडी अंड्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. तिचे हाल करू नयेत.

तिसरी गोष्ट घाणीची. मागची पिसे पांढऱ्या-पिवळ्या शीटीने चिकटून घट्ट होतात. त्याला आंबट घाण वास येतो. आत कातडी लाल होते. पावसाळ्यात हे फार. कारणे निरनिराळी. पोटात जंत होतात. ओल्या, बुरशी आलेल्या दाण्याने हगवण लागते. खुराडे ओले असते. मागच्या वाटेच्या भोवती उवा होतात. पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी समजावीत.

चिकटलेली घाण ओढून काढू नये, कातडी निघते. कोमट पाण्यात भिजवून सोडवावी. घाण झालेली पिसे कात्रीने कापून टाकावीत. पिसाच्या कोवळ्या देठाला कात्री लावू नये, रक्त येते. मग कोरडे करावे. जंताचे औषध डॉक्टरांकडून आणावे. दाणे उन्हात वाळवून द्यावेत. खुराड्याजवळ एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख टाकून ठेवावी. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा कमी होतात. बुरशीला मोरचूद द्यावा असे कोणी कोणी सांगतात. मोरचूद विषारी आहे. अंदाजाने देऊ नये.

आणि माश्या. घाणीवर माशी बसली की अंडी घालते. एका दिवसात किडे पडतात. मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन, चिमट्याने एक एक किडा काढावा आणि दवाखान्यात न्यावे. गावात अशा वेळी रॉकेल ओततात, फिनेल ओततात. आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. किडे मरतात, हे खरे. पण आतले कोवळे कातडे भाजून निघते आणि कोंबडीही मरते. हळद-तेल बाहेरच्या खरचटीला चालते. आत काही भरू नये.

लहान पिलांचे एक सांगायचे राहिले. दोन-चार दिवसांच्या पिलाची मागची वाट शीटीने बुजते. ते चिव चिव करते, खात नाही, मरते. कोमट पाण्यात कापूस भिजवून ती पुसून काढावी. पण जपून. पिलाच्या पोटावर, मागच्या वाटेच्या खाली बेंबीची वाळलेली खपली असते. ती घाण समजून ओढली तर आतडे दुखावते. बेंबीला हात लावू नये. आणि एकदम पुष्कळ पिलांना पांढरी चिकट हगवण लागली तर ते पुसण्याचे काम नव्हे. तो साथीचा रोग असतो. डॉक्टरांना बोलवावे.

मोठ्या कोंबड्यांचेही तसेच. एकच कोंबडी बसली आणि बाकीच्या ठणठणीत असल्या तर हा पाठ कामाचा. पण एकदम चार-सहा बसल्या, हिरवी हगवण लागली, माना वाकड्या झाल्या, तर ती मानमोडी असण्याचा संभव. तिला औषध नाही, आधी टोचून घेणे हाच उपाय. आणि पटापट मरू लागल्या तर लपवू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला होता. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. मेलेली कोंबडी खाऊ नये, ओढ्यात टाकू नये. दवाखान्याला कळवावे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा फोन नंबर आहे. तो घरातल्या भिंतीवर मोठ्या अंकांत लिहून ठेवावा. अंक तर आता तुम्हांला येतातच.

कोंबडीला हात लावल्यावर आपले हात साबणाने धुवावेत. तिच्या शीटीतल्या जंतूंनी माणसालाही हगवण लागते. तिला बसवलेले घमेले पुन्हा स्वयंपाकाकडे नेऊ नये. औषध दिलेल्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

हे सगळे होऊच नये म्हणून काय करता येईल? फार नाही. ज्वारी, बाजरी, कण्या ह्यांत कॅल्शियम थोडे असते. नुसत्या दाण्यावर अंड्याच्या कोंबडीचे भागत नाही. शिंपल्यांचा चुरा बाजारात मिळतो. तो दाण्यात मिसळू नये, वेगळ्या वाटीत ठेवावा. जिला लागतो ती टिपते, कोंबड्याला लागत नाही, तो टिपत नाही. शिंपले नसले तर घरची अंड्यांची टरफले घ्यावीत. ती वाळवून, तव्यावर भाजून, बारीक कुटून द्यावीत. तशीच फेकू नयेत. टरफलाची चव आणि आकार ओळखीचा झाला की कोंबडी स्वतःची अंडी फोडून खाऊ लागते. ती खोड मग सुटत नाही. कोंबड्यांना ऊन मिळू द्यावे, हिंडू द्यावे. उरलेला भात रोज पोटभर घालून त्यांना शेठाणी बनवू नये.

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रौढ वर्गात येणाऱ्या एका मावशींची कोंबडी अशीच बसली. मावशी वर्गात आल्या नाहीत, म्हणून आम्ही घरी गेलो. त्या घमेल्याजवळ बसल्या होत्या. कोंबडी पाण्यात आणि मावशींचे हात तिच्या पंखांवर.

"दाबलं न्हाई ना?" आम्ही दारातूनच विचारले.

"न्हाई वो गुरुजी. तुमीच तर सांगितलंवतं."

आम्ही डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं अंडं कधी दिलं?" आम्हांला वाटले, हे कोण सांगणार? पण मावशी उठल्या आणि खुंटीवरचे कॅलेंडर काढून आणले. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने कोंबडीची खूण आणि आकडा होता. अक्षरे शिकल्यावर त्यांनी स्वतःच्या मनाने ते सुरू केले होते. त्यांनी बोट ठेवून वाचले, "काळी. शनवारी एक. आयतवारी एक, मऊ. सोमवारी न्हाई." त्या दिवशी मंगळवार होता.

"मऊ होतं?" डॉक्टर म्हणाले. "मग कॅल्शियमच कमी पडलंय." त्यांनी औषधाचे नाव आणि थेंब सांगितले. मावशींच्या मुलाने तालुक्याहून ते आणले. संध्याकाळी पुन्हा कोमट पाणी, तेल, डालगे, गोणपाट. रात्री आम्ही घरी आलो, पण झोप लागली नाही. ती काबरी कोंबडी डोळ्यांपुढे येत होती.

सकाळी फिरायला निघालो ते पाय आपोआप तिकडेच वळले. मावशी ओसरीवरच उभ्या होत्या. त्यांच्या तळहातावर अंडे होते. कवच पातळ, खडबडीत, एका बाजूला रक्ताची रेघ. काळी कोंबडी डालग्यात उभी राहून पाणी पीत होती. पाच दिवस तिला वेगळे ठेवले. शिंपल्यांचा चुरा चालू केला. पुढचे अंडे अकराव्या दिवशी आले, टणक.

मावशींनी कॅलेंडरावर लिहिले, 'बुधवार. काळी. अड आल.' त्यावर अनुस्वार द्यायचे राहिले होते. ते आम्ही दाखवले आणि त्यांनी तिथेच उभ्या उभ्या दिले. शिंपल्यांचा चुरा आता संपत आला आहे. तो बाजारच्या दिवशी आणायचा, असे त्यांनी त्याच पानावर खाली लिहून ठेवले आहे.